अक्सब्रिजचा बंकर: आधी घड्याळ बघा, मग टेबल

आईबाबा लंडनला येताहेत, बाबांना दुसऱ्या महायुद्धाची आवड आणि आईंचे गुडघे दुखतात. तेव्हा १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना जिथून हुकूम सुटत तो अक्सब्रिजचा ‘बॅटल ऑफ ब्रिटन बंकर’ दोघांना झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

बाबांना नक्की न्या. बंकर जमिनीखाली जवळपास १८ मीटर आहे. ७६ पायऱ्या उतरायच्या, परत तेवढ्याच चढायच्या, आणि लिफ्ट नाही. आईंना वरच्या संग्रहालयात निवांत बसता येईल. दोघांना बरोबरच भुयार बघायचं असेल तर वेस्टमिन्स्टरच्या चर्चिल वॉर रूम्सला जा, तिथे लिफ्ट आहे.

खाली फक्त गाईडबरोबर सोडतात, म्हणून वेळेचं बुकिंग आधी करा. जाताना लंडनच्या भुयारी रेल्वेची मेट्रोपॉलिटन लाइन घ्या. पिकॅडिली लाइनच्या काही गाड्या रेनर्स लेनलाच संपतात आणि काही ॲक्टन टाउनपासून हीथ्रोकडे वळतात. नेमकी वेळ तिथेच हुकते.

खाली उतरल्यावर सगळ्यांची नजर नकाशाच्या मोठ्या टेबलावर जाते. तुम्ही आधी भिंतीवरचं घड्याळ बघा. तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे त्रिकोण आहेत. मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्याच रंगाचे, विमानं कुठे आहेत ते दाखवणारे बाण हवाई दलातल्या मुली लांब दांड्यांनी नकाशावर ठेवत. म्हणजे बाणाचा रंग पाहिला की बातमी ताजी की शिळी ते लगेच कळे. तोच रंग १५ मिनिटांनी पुन्हा येणार, म्हणून त्याआधी जुने बाण उचलावेच लागत. राहिले तर शत्रू होता तिथेच आहे असं वाटून विमानं भलतीकडे जायची. वेगवेगळ्या रडारांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. ते बेंटली प्रायरीत, म्हणजे लढाऊ विमानदलाच्या मुख्यालयात, ताडून मगच इथे येत.

टेबलावर १५ सप्टेंबर १९४०, सकाळी ११.३०ची स्थिती मांडलेली आहे. त्या दिवशी चर्चिल इथेच होते. समोरच्या फलकावर प्रत्येक स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) तयार आहे, उडालंय की लढतंय ते दिवे दाखवत. राखीव विमानं किती, असं चर्चिलनी विचारलं तेव्हा इथले प्रमुख एअर व्हाइस मार्शल कीथ पार्क यांनी एकही नाही म्हणून सांगितलं. बाबांना त्या फलकासमोर जरा जास्त वेळ उभं राहू द्या.