प्रेक्षकांना कोणता व्हिडिओकर्ता विश्वासू वाटतो, आणि का?

आपण विचारले आहे की, ज्यांना आपण कधी भेटलो नाही अशा यूट्यूबवरील माणसांवर लोक इतका विश्वास कशाच्या बळावर ठेवतात. मी काही वर्षांपासून मराठी वाहिन्यांसाठी व्हिडिओ-संकलनाचे काम करतो. त्यामुळे या प्रश्नाकडे मी प्रेक्षकाच्या खुर्चीतून कमी आणि कात्री हाती असलेल्या माणसाच्या जागेवरून जास्त पाहतो.

सांगोला तालुक्यातील एका डाळिंब बागायतदाराचे व्हिडिओ मी जुळवत असे. एका कंपनीने त्यांना बॅटरीवर चालणारा १६ लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप मोफत दिला होता. कच्च्या चित्रीकरणात पंप पाठीवर घेऊन ते वाकले, तेव्हा झाकणाच्या आट्यांतून पाणी झिरपले आणि सदऱ्याची पाठ ओली झाली. कंपनीच्या प्रतिनिधीने तेवढे काही सेकंद काढून टाकण्यास सुचवले आणि खरे सांगायचे तर मीही ते काढूनच टाकले होते, कारण माझ्या लेखी ती निव्वळ चित्रीकरणातील चूक होती. बागायतदारांनी मात्र फोन करून सांगितले, “अहो, ते कापू नका. माझी ओली पाठ गावातल्या दहा जणांनी पाहिली आहे. व्हिडिओत ती कोरडी दिसली, तर टपरीवर तोंड दाखवता यायचं नाही.” दृश्य परत घातले. त्याखालील प्रतिक्रियांमध्ये लोकांनी झाकणाला जाड वायसर कुठे मिळेल हे विचारले आणि अनेकांनी तोच पंप विकत घेतल्याचेही कळवले. झाकण गळते हे ज्याने दाखवले, त्याने बॅटरीची केलेली स्तुती लोकांना पटली. त्या कंपनीकडून त्यांच्याकडे पुन्हा काही आले नाही, ही गोष्ट वेगळी.

माझ्या मते विश्वासाचे मूळ इथे आहे. बोलणारा स्वतःच्या फायद्याविरुद्ध काही दाखवतो किंवा सांगतो आहे, हे दिसले की प्रेक्षक सैलावतो. बाकीच्या खुणा नकली करता येतात. कॅमेऱ्याच्या भिंगात थेट पाहणे, दर आठवड्याला तेच स्वयंपाकघर आणि तोच काळा पडलेला तवा दिसणे, ‘राम राम मंडळी’ म्हणून सुरुवात करणे, यांतून जवळीक निर्माण होते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच, दूरचित्रवाणीच्या निवेदकांसंबंधी लिहिताना, या एकतर्फी ओळखीचे वर्णन करून ठेवले आहे: प्रेक्षक त्या माणसाला ओळखू लागतो, तो माणूस मात्र प्रेक्षकाला ओळखत नसतो. जवळीक म्हणजे सचोटी नव्हे, पण अनुभवताना या दोहोंतला फरक जाणवत नाही. बोलणारा नैसर्गिक वाटावा म्हणून त्याचे अडखळणे मी स्वतः मुद्दाम शिल्लक ठेवलेले आहे, हेही कबूल करतो. पांढरा डगला आणि पाठीमागची पुस्तकांची मांडणी यांविषयी तर न बोललेलेच बरे.

पैशांच्या क्षेत्रात ही कात्री सर्वांत महाग पडते. शेअर बाजाराचे सल्ले देणाऱ्या एका यूट्यूब वाहिनीच्या चालकाविरुद्ध सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. हा माणूस प्रेक्षकांना नफ्याचे आकडे दाखवत असे. सेबीने त्याचे स्वतःचे व्यवहार तपासले, तेव्हा जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात त्याला सुमारे २ कोटी ८९ लाख रुपयांचा निव्वळ तोटा झालेला आढळला. म्हणजे ओली पाठ तेवढी कापलेली होती. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सेबीने असेही स्पष्ट केले की, जो केवळ शिक्षण देत असल्याचे सांगतो, त्याने मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरू नयेत. माझ्या ओळखीतील लोक मात्र सल्ला देणाऱ्याचा सेबीकडील नोंदणी क्रमांक पाहण्याऐवजी त्याची गाडी पाहतात.

जाहिरात उघड केली की विश्वास उडतो, अशी भीती निर्मात्यांना असते. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे अ‍ॅस्कीने, २०२१ पासून मोबदला घेऊन केलेल्या मजकुरावर तशी स्पष्ट खूण करणे आवश्यक ठरवले, तेव्हा माझ्याकडील दोघातिघांनी ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत बसवता येईल का, असे विचारले होते. माझा अनुभव उलट आहे. सुरुवातीलाच एका वाक्यात पैसे घेतल्याचे सांगितले, तर प्रेक्षक मान डोलावून पुढे ऐकतात; तीच गोष्ट सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाकडून कळली, तर ते त्या माणसाचे जुने व्हिडिओसुद्धा संशयाने उघडून पाहतात.

आपल्याला एखाद्या वाहिनीची पारख करायची असेल, तर तिचा ताजा व्हिडिओ सोडून दीड-दोन वर्षांपूर्वीचा उघडा आणि त्यात शिफारस केलेल्या वस्तूचे पुढे काय झाले, हे त्याच माणसाने कधी सांगितले आहे का, ते शोधा. आमच्या बागायतदारांनी त्या पंपाचा दुसरा व्हिडिओ चौदा महिन्यांनी केला. एका चार्जिंगमध्ये किती पंप भरून फवारता येतात, हे त्यांनी बागेच्या बांधावर खडूने रेघा ओढत मोजले. आकडा पहिल्या व्हिडिओतल्यापेक्षा जवळजवळ निम्मा निघाला, आणि त्या रेघा पुसायच्या आत त्यांनी कॅमेरा जवळ नेला.