धम्म की घम्म? : फ्लेक्सवरच्या जाड अक्षराबद्दल

प्रश्न : सप्रेम जय भीम. आम्ही तिघे मित्र दरवर्षी दीक्षाभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावतो. गेल्या वर्षीचा फ्लेक्स पूर्ण 'रोझा वन' या फॉन्टमध्ये केला. कॉम्प्युटरवर फार देखणा दिसला. पण लोक वरचं मोठं नाव वाचायचे अन् पुढे जायचे. खालची पुस्तकांची यादी कोणी वाचलीच नाही. यंदा फॉन्ट बदलावा का?
– एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : जय भीम. फॉन्ट बदलू नका, त्याचं काम कमी करा.

रोझा वन हे इंडियन टाइप फाउंड्रीचं अक्षर, फुकट मिळतं. मला ते मनापासून आवडतं. एक रेघ शाईच्या ठोकळ्यासारखी, तर तिला जोडणारी दुसरी केसाएवढी. त्याचं सगळं रूप या दोन रेघांमधल्या फरकात आहे. इंग्रजीत अशी गलेलठ्ठ अक्षरं १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये निघाली, लॉटरीच्या अन् मालाच्या जाहिरातींसाठी. लांबच्या माणसाला थांबवायचं, एवढ्यासाठीच ती घडवलेली.

यादीसाठी तेच अक्षर लहान केलं की बारीक रेघ विरते आणि जाड रेघांमधली पोकळी बुजते. आपल्या लिपीत हे फार महागात पडतं. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक केवढा? एका छोट्या गाठीचा. 'धम्म' हा शब्द तुमच्या यादीत किती वेळा आला असेल, मोजून बघा.

मी इतवारीतल्या एका छापखान्यात जुळारी होतो, म्हणजे छपाईचे खिळे (सुटी अक्षरं) जुळवणारा. ठळक टाइप पत्रिकेत फक्त वधू-वरांच्या नावांना, असा तिथला शिरस्ता. एकदा मी हट्टानं पत्ताही त्याच टायपात जुळवला. खिळ्यांत शाई भरली अन् 'घाट रोड'चं 'धाट रोड' झालं. अख्खा गठ्ठा पुन्हा छापावा लागला. त्या दिवसापासून मी 'घ'चं डोकं आधी तपासतो.

तेव्हा स्टॉलचं नाव आणि फार तर सवलतीचा आकडा रोझामध्ये ठेवा. पुस्तकांची नावं 'मुक्ता'सारख्या साध्या, सारख्या जाडीच्या अक्षरात घ्या. रोझाला वरून बोल्ड करू नका, बारीक रेघही फुगते. अक्षरांत जागा सोडू नका, शिरोरेघ तुटते. ओळींमध्ये मात्र सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर बसतो. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं हवीच असतील तर ती मोठीच ठेवा. आजूबाजूचा रंग पसरून बारीक रेघ खातो.

फ्लेक्स छापायला टाकण्याआधी यादीतल्या चार ओळी खऱ्या मापात कागदावर काढा, भिंतीला चिकटवा आणि वीस पावलं मागे जा. सोबत घरातलं एखादं म्हातारं माणूस घ्या. दीक्षाभूमीवर त्या वयाचे वाचक पुष्कळ येतात. त्यांनी न अडखळता वाचलं की मगच छापायला द्या.