प्रात्यक्षिकाच्या तासाला संशोधन

प्रश्न : मी पदवीच्या वर्गांना जीवशास्त्राची प्रात्यक्षिके शिकवतो. निष्कर्ष आधीच ठाऊक असलेले प्रयोग विद्यार्थी नुसते उरकतात. वर्ग मोठा आणि वेळ मोजका असताना त्यांच्याकडून खरे संशोधन करून घेता येईल का?

उत्तर : येईल; मात्र प्रत्येकाला वेगळा विषय देण्याचा मोह आवरावा, कारण तीस विषयांच्या तीस पद्धती सांभाळताना शिक्षकाचीच दमछाक होते. पद्धत सर्वांची एक आणि नमुना ज्याचा त्याचा, ही मांडणी वर्गाला पेलते. अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेच्या पाठबळाने २००८मध्ये सुरू झालेला ‘सी-फेजेस’ उपक्रम असाच चालतो. त्यात नवखे विद्यार्थी मातीतून बॅक्टेरियोफेज, म्हणजे जीवाणूंना मारणारे विषाणू, शोधतात. मातीचा गाळलेला अर्क बहुधा मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जीवाणूंत मिसळून, पातळ अगारसह (थंड झाल्यावर जेलीसारखा घट्ट होणाऱ्या पदार्थासह) पेट्री डिशमध्ये, म्हणजे झाकणाच्या उथळ बशीत, ओततात. एक-दोन दिवसांत जीवाणूंचा धुरकट थर पसरतो आणि फेज असल्यास त्या थरात स्वच्छ, गोल ठिपके उमटतात. त्यांतला एकच ठिपका उचलून पुन्हा पुन्हा वाढवला की शुद्ध फेज हाती येतो. पुढे निवडक फेजचा जनुकसंच वाचला जातो. निर्जंतुक हाताळणी आणि क्रमशः विरलन (द्रावण टप्प्याटप्प्याने पातळ करणे) तर ओघात शिकून होतेच, पण आपल्या ठिपक्याचे उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नाही हे कळल्यावर, एरवी कंटाळवाणी वाटणारी कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीची, डिश विद्यार्थी आपणहून लावतात.

विद्यार्थ्यांनी शोधलेल्या फेजच्या अशा संग्रहाचे मोल केवळ शैक्षणिक नाही. सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांत चिकट कफ साठवणारा आनुवंशिक आजार असलेल्या एका किशोरवयीन मुलीला मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेससचा, प्रतिजैविकांना दाद न देणारा संसर्ग झाला असता तीन फेजचे मिश्रण देण्यात आले आणि तिची प्रकृती सुधारली, असे २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ‘मडी’ हा फेज दक्षिण आफ्रिकेतील एका विद्यार्थिनीला सडलेल्या वांग्यावर मिळाला होता. अर्थात, एका गटाचे निरीक्षण दुसऱ्या गटाने पडताळल्याखेरीज त्याला संशोधन म्हणू नये. त्यासाठी अभ्यासक्रमातले दोन-चार ठरीव प्रयोग गाळावे लागले तरी हरकत नाही.

प्रश्न : फेज सापडलाच नाही, तर गुण कशाला द्यायचे?

उत्तर : नोंदवहीला. नमुना कुठून घेतला, काय किती मिसळले, कंट्रोलमध्ये काय दिसले, हे वाचून दुसऱ्याला तोच प्रयोग करता आला पाहिजे. ज्ञात फेज टाकलेल्या डिशवर ठिपके आले आणि नमुन्याच्या डिशवर आले नाहीत, तर तोही ग्राह्य निष्कर्ष होय. त्या विद्यार्थ्याने सहाध्यायाचा फेज घेऊन पुढचे काम सुरू ठेवावे.