रेताड जमिनीत गांजा? नको. ताग लावा, आणि पाणी असं द्या

या वेळच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न बिननावाचा आहे, पण सर्वात आधी उत्तर त्यालाच देतो. शेतकरी बंधू लिहितात, 'जमीन पूर्ण रेताड आहे. पाणी थांबत नाही, खत लागू पडत नाही. उंच पिकाच्या आडोशाला गांजाची थोडी झाडं लावली तर येतील का? दिसू नयेत म्हणून काय करावं?'

भाऊ, हे करू नका. लपवायचं कसं, हे मी सांगणार नाही. परवान्याशिवाय गांजाची लागवड जगात बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. 1961 च्या अंमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय करारानं या झाडावर सरकारी नियंत्रण घातलं आणि देशोदेशींचे कायदे त्याच धर्तीवर उभे आहेत. पीक सापडलं की माल घेऊन जाणारा पसार होतो. जमीन ज्याच्या नावावर, उत्तर त्याला द्यावं लागतं. उभं पीक उपटून जाळतात, आणि कोर्टाच्या फेऱ्यांत गेलेले हंगाम परत येत नाहीत. जमिनीला कंटाळून हा विचार मनात आला असेल, हे मला समजतं. म्हणून खरा प्रश्न गांजाचा नाही, जमिनीचा आहे असं धरूनच पुढचं लिहितो.

त्याआधी दुसऱ्या एका ताईंची शंका: 'मग औद्योगिक हेम्प चालतं ना?' हेम्प म्हणजे त्याच जातीचं झाड, फक्त नशेचा घटक अगदी कमी असलेलं वाण. धागा आणि बियांसाठीची लागवड त्या करारानं वगळली आहे. पण देशाचा स्वतःचा कायदा, परवाना आणि मान्य बियाणं हे सगळं लागतंच. अनेक देशांत नशेच्या घटकाची मर्यादा 0.3 टक्के आहे. नमुना त्याच्या वर गेला तर पीक नष्ट करण्याची पाळी येते. परवाना हातात येईपर्यंत बी जमिनीत पडता कामा नये. शिवाय पाणी साचलेलं हेम्पला चालत नसलं, तरी उपाशी रेतीवरही ते फुलत नाही. चांगला धागा त्याला कसदार, ओल धरणाऱ्या जमिनीतच येतो. 'कशातही येतं' हा गैरसमज आहे.

नावांचाही गोंधळ होतो. ताग, अंबाडी आणि गांजा या तिन्हींपासून धागा निघतो, पण कुळं तीन वेगळी. अंबाडीचं पान हाताच्या बोटांसारखं चिरलेलं असतं, म्हणून लांबून गांजासारखं दिसतं. फूल आलं की शंका उरत नाही: फिकट पिवळं, मध्ये गडद लाल डोळा. ती भेंडीच्या कुळातली. ताग शेंगवर्गातला. त्याचं पान साधं, लांबट आणि फूल हरभऱ्याच्या घडणीचं, पण ठळक पिवळं. तुमच्या रेतीला यातला ताग हवा आहे.

का, ते सांगतो. रेतीचा कण मोठा असतो, 2 मिलिमीटरपर्यंत. कणांमधल्या पोकळ्याही मोठ्या, त्यामुळे पाणी सरळ खाली निघून जातं. भारी जमिनीत तासाला जेमतेम 1 ते 5 मिलिमीटर पाणी मुरतं, रेतीत 30 च्या वर. मीटरभर खोलीतली रेताड जमीन पिकाला उपयोगी पडेल असं साधारण 60 मिलिमीटर पाणी धरते, भारी जमीन 200 च्या आसपास. मुळं जर फूटभर खोल असतील तर रेतीतला साठा झाला 18 मिलिमीटर. त्यातला निम्मा संपला की पिकाला ताण बसू लागतो. उन्हाच्या दिवसात पीक रोज 6 मिलिमीटर पाणी उडवत असेल तर हे नऊ मिलिमीटर पुरणार दीड दिवस. भारी जमिनीत तोच हिशोब पाच दिवसांचा होतो. म्हणून शेजाऱ्याच्या काळ्या रानातली पाण्याची पाळी तुमच्या रानात चालत नाही. त्यात तुमची चूक नाही, पाळी चुकीची आहे.

तिसरा प्रश्न याच्याशीच जोडलेला: 'ठिबक रोज चार तास चालवतो, तरी दुपारी झाडं माना टाकतात.' एका रानात मी ड्रिपरशेजारी फावड्यानं उभा काप घेतला होता. भारी जमिनीत ओलीचा आकार कांद्यासारखा असतो, पसरट आणि गोल. इथं तो मुळ्यासारखा निघाला. वीतभर रुंद आणि खाली, खाली, खाली. दोन ड्रिपरच्या मधली माती हातात धरली तर बोटांतून भुरभुर गळत होती. चार तासांतलं अर्ध्याहून जास्त पाणी मुळांच्या खाली गेलं होतं आणि मधली मुळं कोरडीच. चार तास एकदम देण्याऐवजी तेच पाणी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तुकड्या-तुकड्यानं द्या. ड्रिपरमधलं अंतर फूटभराच्या वर ठेवू नका. वर पाचटाचं किंवा काडीकचऱ्याचं आच्छादन टाका. रेतीचा पृष्ठभाग उन्हात तापतो तेव्हा कोवळं खोड जमिनीलगत भाजतं. आच्छादनानं तेही वाचतं.

खताचंही तसंच. नायट्रेटचा कण मातीला चिकटत नाही, तो पाण्याबरोबर उतरतो. रेतीला अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद मुळात कमी, म्हणून पालाश, गंधक आणि बोरॉनही निसटतात. पेरणीला युरियाचं पोतं एकदम टाकलं आणि मागून जोराचा पाऊस झाला तर ते पोतं तुमच्या विहिरीत गेलं असं समजा. पाणी बिघडतं ते वेगळंच. नत्राचे चार-पाच हप्ते करा, ठिबकातून विद्राव्य खत देता आलं तर आणखी लहान हप्ते.

पण पाणी आणि खत तुकड्यानं देणं ही रोजची धावपळ झाली. जमिनीची धरण्याची ताकद वाढवायची तर सेंद्रिय भाग वाढवावा लागतो, आणि तिथं ताग येतो: तो वाढवायचा आणि हिरवाच जमिनीत गाडायचा. बी एकरी 20 ते 25 किलो, ओलीवर फेकून किंवा दाट ओळींत. रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंची, बीजप्रक्रिया करा. ज्या रानात पूर्वी ताग झालेला नाही तिथं ती टाळू नका. सहा ते आठ आठवड्यांत फुलं दिसू लागतील. त्याच वेळी गाडा. दहा दिवस उशीर केला की खोड काडीसारखं टणक होतं आणि कुजायला वेळ घेतं. गाडताना जमिनीत ओल हवी. गाडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मुख्य पीक घ्या आणि रान त्याहून जास्त दिवस मोकळं ठेवू नका, नाहीतर कुजून सुटलेलं नत्र रेतीतून खाली जाईल. मेहनत तुमची, फायदा भूजलाला, असं व्हायला नको.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. उष्ण रेतीत सेंद्रिय भाग फार लवकर जळतो. एक वर्ष ताग गाडला आणि काम झालं, असं होत नाही. दरवर्षी ताग किंवा शेणखत, काहीतरी जमिनीत गेलंच पाहिजे. जवळच्या तलावाचा गाळ मिळाला तर पातळ थर पसरून मिसळा. त्यातली चिकणमाती रेतीत वर्षानुवर्षं राहते.

पिकं कोणती? भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे फुलापासून जमिनीत उतरून शेंग धरणारे दांडे, सैल मातीत सहज शिरतात आणि शेंगा उपटायलाही सोप्या. कलिंगड, रताळं, गाजर, बाजरी, मटकी यांना रेताड जमीन मानवते. भाताचा हट्ट इथं धरू नका.

शेवटचा प्रश्न मुळांवरच्या गाठींचा. 'गाठी आल्या म्हणजे नत्र चांगलं धरलं ना?' नेहमी नाही. शेंगवर्गीय पिकाची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखानं सुटते आणि फोडली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमी म्हणजे मुळात शिरणारे मातीतले बारीक किडे. त्यांची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं. टोमॅटो, वांगं, भेंडीच्या मुळावर गाठ दिसली तर ती सूत्रकृमीचीच समजा. रेताड जमिनीत ही कीड जास्त. निंबोळी पेंड आणि झेंडूची फेरपालट उपयोगी पडते, आणि तागावर या सूत्रकृमीची वाढ होत नाही, हा आणखी एक फायदा. मात्र तागाचं बी जनावरांना विषारी असतं. बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यात गुरं सोडू नका.

ज्यांनी बिननावानं लिहिलं त्यांनी एवढं करा. ठिबक बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिपरशेजारी काप घ्या, ओल किती रुंद आणि किती खोल गेली ते टेपनं मोजा आणि ते दोन आकडे कळवा. नाव नाही लिहिलं तरी चालेल. त्यावरून तुमची पाण्याची पाळी मी बसवून देतो.