साहेब पोहोचलेच नाहीत, तर सही कोणाची?

(वाचकांच्या प्रश्नांना महसूल खात्यातील एका निवृत्त अधिकाऱ्याची उत्तरं)

प्रश्न : मंत्रालयाला आग लागली तेव्हा मी शाळेत होतो. पुन्हा तसं झालं, किंवा ऐन संकटात मुख्यमंत्रीच राहिले नाहीत, तर राज्याचा कारभार ठप्प होईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ठप्प होत नाही. २१ जून २०१२ ला चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढत गेली आणि सहाव्या मजल्यावरचं मुख्यमंत्र्यांचं कार्यालयही त्यात गेलं. पाच जणांचा जीव गेला, हे आधी सांगायला हवं. मी तेव्हा नोकरीत होतो. हजारो नस्त्या (फायली) जळाल्या, पण बहुतेक प्रस्ताव खालून वर गेलेले असतात. तहसीलदार, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त यांच्याकडे स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात ठेवलेली प्रत असते, जावक नोंदवहीत क्रमांक आणि तारीख असते. त्यावरून नस्ती पुन्हा उभी करता येते. मंत्रालयातच लिहिलेली टिपणी आणि समासातला मंत्र्यांचा शेरा मात्र असा परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक कागदाची प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या शहरात हवी, असं मी आजही भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगतो.

आता मुख्यमंत्र्यांचं. आपल्या राज्यघटनेत त्यांच्या वारसांची क्रमवार यादी नाही. उपमुख्यमंत्री या पदाचाही तिच्यात उल्लेख नाही. निर्णय राज्यपालांच्या पातळीवर होतो. सप्टेंबर २००९ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर बेपत्ता झालं. दुसऱ्या दिवशी, ३ तारखेला, ते सापडलं, मृत्यूची खात्री झाली आणि त्याच दिवशी त्यांचे अर्थमंत्री रोसय्या यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी उरकला. तमिळनाडूत २०१६ साली जयललिता रुग्णालयात होत्या. तेव्हा राज्यपालांनी घटनेच्या कलम १६६(३) खाली त्यांची खाती अर्थमंत्री पनीरसेल्वम यांच्याकडे सोपवली, मुख्यमंत्रिपद जयललितांकडेच ठेवलं. ते राज्यपाल म्हणजे आपल्याच महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल विद्यासागर राव. तमिळनाडूचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे होता.

मला जास्त काळजी वाटते ती मुदतींची. संकट आलं म्हणून घटनेतली मुदत थांबत नाही. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली, तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत निवडून येणं भाग होतं आणि नेमक्या तेव्हाच कोरोनामुळे विधान परिषदेच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या होत्या. अखेर १४ मे २०२० ला ते बिनविरोध निवडून आले. पक्ष कोणताही असो, महामारीत राज्याचं नेतृत्व असं काठावर राहणं बरं नाही. अशा वेळी निवडणूक कशी घ्यायची, याचे नियम आधीच ठरलेले असावेत.

प्रश्न : मोठा पूर आला की राष्ट्रपती राजवट किंवा आणीबाणी लागते का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. राष्ट्रीय आणीबाणी युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड यांसाठी आहे. राष्ट्रपती राजवट लागते ती घटनेप्रमाणे राज्यकारभार चालेनासा झाला तर. पुराशी निवडून आलेलं सरकारच झुंजतं.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या गावाचा तालुक्याशी संपर्क तुटला होता. “वरून मंजुरी आल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही,” असं एका कर्मचाऱ्याने सांगितलं. हे खरं का? (एक वाचिका, शिरोळ तालुका)

उत्तर : ताई, हे खरं नाही, आणि असं उत्तर ऐकावं लागलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात याचीच सोय आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तातडीच्या वेळी बैठक न बोलावता ते प्राधिकरणाचे सगळे अधिकार वापरू शकतात. प्राधिकरणाची कार्योत्तर मंजुरी मागाहून घ्यायची. कलम ५० प्रमाणे बचाव आणि मदतीची तातडीची खरेदी निविदेशिवाय करायला ते परवानगी देऊ शकतात.

पण जिल्हाधिकाऱ्यांचा हा अधिकार तुमच्या गावाच्या काठापर्यंत पोहोचायला कागद लागतो. एका पावसाळी रात्री मी नियंत्रण कक्षात होतो. वीज गेलेली, मोबाइल बंद, पोलिसांचा बिनतारी संच तेवढा चालू. बोटीसाठी डिझेल हवं होतं आणि पंपवाला कागदाशिवाय देईना. त्याचंही चूक नव्हतं, पुढे बिल कोणाकडे मागायचं? नायब तहसीलदारांनी कोऱ्या कागदावर मागणी लिहिली, वेळ टाकली, खाली सही आणि पदनाम. डिझेल मिळालं. तहसीलदार तेव्हा पाण्यापलीकडे अडकले होते. तरी हे जमलं, कारण मे महिन्यातच निघालेल्या आदेशात ते नसतील तर सही कोणी करायची, हे नावानिशी लिहिलेलं होतं. असा आदेश नसता तर तो भला माणूसही कचरला असता. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर, ही भीती खालच्या कर्मचाऱ्याला फार असते. तुम्हाला जे उत्तर मिळालं, त्यामागेही बहुधा तीच असावी.

जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दरवर्षी अद्ययावत करणं कायद्याने बंधनकारक आहे. पावसाळ्याआधी तहसील कार्यालयात जा आणि तो दाखवायला सांगा. तुमच्या गावासाठी नेमलेला अधिकारी कोण, तो नसेल तर लिंक अधिकारी कोण, हे लिहून घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक एकदा लावून पाहा. आणि नेमलेले ते दोघे नदीच्या कोणत्या काठावर राहतात, हे जरूर विचारा. दोघेही पलीकडे राहत असतील, तर अलीकडचा तिसरा माणूस नेमून घ्या, आणि तसा लेखी आदेश मागा.