आधी पुढचा प्रीमियम थांबवा, मग कर्जाचं बोलू

प्रश्न : माझं वय ४१. २०१८ मध्ये बँकेकडून ४५ लाखांचं गृहकर्ज घेतलं. पत्नी सहकर्जदार आहे, सध्या ती नोकरी करत नाही. आज ३८ लाख बाकी आहेत, व्याज ९.२५ टक्के, ईएमआय ३९ हजार. हातात महिन्याला १ लाख ५ हजार येतात, घरखर्च ४५ हजार. खर्चाला कात्री लावून दरमहा १० हजार जादा भरायचं ठरवलंय, त्यासाठी मुलीचा नृत्याचा क्लासही बंद केला. ४ लाखांची एफडी आहे, तीही मोडून कर्जात भरली तर ८ वर्षांत मोकळा होईन असा हिशेब आहे. जादा रक्कम दरमहा भरू की वर्षाअखेर? हप्ता कमी करून घेऊ की मुदत? करसवलत जाईल का? विम्याची चिंता नाही. गेल्या वर्षी बँकेत पार्ट पेमेंटची चौकशी करायला गेलो होतो, तेव्हा कर्ज फेडण्यासाठीच एक पॉलिसी घेतली. विमा १० लाखांचा, वर्षाला १ लाख प्रीमियम, १५ वर्षांनी बोनससह ३५ लाख मिळणार. दुसरा प्रीमियम पुढच्या महिन्यात आहे, तो भरला की जादा भरणा सुरू करतो.

उत्तर : तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. जादा रक्कम दरमहा भरा. वर्षभर खात्यात साठवलेले पैसे डिसेंबरपर्यंत तसेच राहिले असं फार कमी घरांत घडतं. हप्ता आहे तोच ठेवा आणि मुदत कमी करून घ्या. हे बँकेला लेखी सांगा, कारण काही बँका न विचारता हप्ताच कमी करून टाकतात आणि मग सगळी मेहनत पातळ होते. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. करसवलतीसाठी थांबू नका. नव्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या व्याजावर सवलतच नाही. जुन्या प्रणालीत वजावट २ लाखांपर्यंतच, आणि तुमचं वर्षाचं व्याज साडेतीन लाखांच्या आसपास आहे. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं तरी काहीच गमावत नाही.

मला काळजी वाटते ती पत्राच्या शेवटच्या चार ओळींची.

तुम्ही बँकेत गेलात ते कर्जात पैसे भरण्यासाठी. समोरच्या माणसाने ते पैसे कर्जात जाऊ दिले नाहीत, पॉलिसीत वळवले. ९.२५ टक्क्यांनी व्याज भरणाऱ्या माणसाला ५-६ टक्के देणारी वस्तू ‘कर्ज फेडण्यासाठी’ म्हणून विकली, याची मला चीड येते. ३५ लाखांचं म्हणाल तर वर्षाला १ लाख १५ वर्षं भरून ३५ लाख व्हायला सरळ १० टक्के परतावा लागतो. पॉलिसीसोबत तुमची सही असलेला बेनिफिट इलस्ट्रेशनचा, म्हणजे शेवटी किती मिळू शकेल याच्या अंदाजाचा तक्ता आला असेल, तो काढा. त्यात ४ आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात, तेही कंपनीच्या गुंतवणुकीवर धरलेले, खर्च वजा होण्याआधीचे. ८ टक्क्यांच्या रकान्यातही ३५ लाख दिसणार नाहीत. अशा पॉलिसीतून २३-२४ लाख आले तरी बरे आले म्हणायचं, आणि त्यातल्या बोनसचीही हमी नसते.

आता ‘विम्याची चिंता नाही’ या वाक्याकडे येतो. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पॉलिसीतून १० लाख आणि किरकोळ बोनस येईल. कर्ज ३८ लाख आहे. म्हणजे ते पैसे हातात पडले तरी २८ लाखांचा खड्डा. पत्नी सहकर्जदार आहेत, त्यामुळे बँक त्यांच्याकडेच मागणार. त्यांना पगार नाही, आणि तुमच्या योजनेप्रमाणे एफडीही तोवर मोडलेली असेल. कंपनीने दिलेला गट विमा असेल तर तो नोकरीबरोबर जातो. तुमच्या घरात आज खरा विमा नाहीच.

म्हणून पहिलं काम टर्म प्लॅनचं, म्हणजे बचत न मिसळलेल्या निव्वळ विम्याचं. कर्ज आणि घरखर्च धरून दीड कोटीचा, वयाच्या साठीपर्यंतचा घ्या. तब्येत चांगली असेल आणि तंबाखूची सवय नसेल तर वर्षाला ३० हजारांच्या आसपास पडेल. मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही, आणि स्वस्त आहे तो त्यामुळेच. अर्ज भरतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पॉलिसी घ्या, म्हणजे आलेले पैसे पत्नी आणि मुलीचेच राहतात, देणेकऱ्यांना त्यांना हात लावता येत नाही. बँक कर्जाबरोबर घटत जाणारा, एकरकमी प्रीमियमचा विमा सुचवेल आणि त्याचा प्रीमियम कर्जातच मिळवू म्हणेल. नाही म्हणा.

टर्म प्लॅन मंजूर होऊन कागद हातात आला की जुनी पॉलिसी थांबवा. हा क्रम उलटा करू नका. नवी पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत तुमच्या बाबतीत केव्हाच उलटली, त्यामुळे पहिल्या लाखातलं किती परत मिळेल ते कंपनीकडून लेखी मागवा. तो अख्खा लाख बुडाला असं धरू. उरलेले १४ लाख पॉलिसीत घातले तर शेवटी तेच २३-२४ लाख. तेच पैसे वर्षाला १ लाख याप्रमाणे ८ टक्क्यांच्या कर्जात भरले तर त्याच काळात २६ लाखांचं काम करतात, आणि व्याजाची ही बचत पक्की असते. ‘एक लाख भरलाय, आता सोडवत नाही’ असं मन म्हणेल. तो लाख गेला. प्रश्न पुढच्या चौदांचा आहे.

८ टक्के कुठून आणले? २०१८ चं कर्ज बहुधा एमसीएलआरवर, म्हणजे बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर असतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक वेळा रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी), जोडावी लागतात. २०२५ या एका वर्षात रेपो ६.५ वरून ५.२५ वर आला, त्याचा लाभ अशा कर्जदारांना लवकर मिळाला. तुमचं कर्ज जुन्या पद्धतीत अडकलंय. शाखेत जा, रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून मागा. शुल्क काही हजारांचं असतं. चांगल्या सिबिल स्कोअरवर ८ टक्क्यांच्या आसपास दर मिळायला हवा. टाळाटाळ झाली तर बॅलन्स ट्रान्सफर करा, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवा.

३८ लाखांवर सव्वा टक्का म्हणजे वर्षाला ४७ हजार, महिन्याला ४ हजार. पॉलिसीचे महिन्याला ८ हजार. एकूण १२ हजार दरमहा चुकीच्या ठिकाणी जातायत, आणि तुम्ही घरातल्यांना चिमटे काढून १० हजार वाचवताय! मुलीचा क्लास या आठवड्यात पुन्हा सुरू करा. दीड-दोन हजारांसाठी तिने किंमत मोजायचं काहीच कारण नाही.

नवा हिशेब असा. नुसता हप्ता भरत राहिलात तर आजच्या दराने १५ वर्षं लागतील. तुमच्या १० हजारांनी ती १० होतात. तुमचा ८ वर्षांचा आकडा एफडी मोडली तरच जवळपास जुळतो. ती मोडू नका. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ८४ हजार लागतात, म्हणजे ४ लाख पाच महिनेसुद्धा पुरत नाहीत. नोकरी गेली तर तेवढाच आधार आहे. त्याऐवजी दर ८ टक्के झाला, क्लास चालू राहिला, वाचलेल्या प्रीमियममधून टर्म प्लॅनचे पैसे गेले, तरी जादा भरायला महिन्याला १४ हजार उरतात. म्हणजे ५३ हजारांचा भरणा, आणि कर्ज सव्वाआठ वर्षांत संपतं. एफडी जागेवर, डोक्यावर दीड कोटीचं छत्र, आणि नुसता हप्ता भरत राहण्याच्या तुलनेत बँकेला १८ लाखांच्या आसपास कमी जातात. दर पुढे वाढले तर हा आकडा थोडा लांबेल. तेव्हा बँकेला मुदत वाढवू देऊ नका, जमेल तेवढा हप्ता वाढवून मागा. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे दर बदलताना हा पर्याय बँकेने तुम्हाला द्यायचा असतो.

३५ लाखांचा आकडा कुणी चिठ्ठीवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून दिला असेल तर तो जपून ठेवा. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पहिला प्रीमियम पूर्ण परत मागा. समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. पण या तक्रारीच्या निकालाची वाट पाहत दुसरा प्रीमियम भरू नका.