गेले काही महिने मी फक्त ढगळ आणि गडद रंगाचेच कपडे घालतेय. हे खचल्याचं लक्षण आहे का? छान रंगीत कपडे घातले तर मन बदलेल का?

"छान कपडे घाल, मूड आपोआप छान होईल" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसतं ऐकलं तरी डोकं फिरतं. थोडक्यात उत्तर देते: नाही, नुसतं ढगळ घालणं म्हणजे खचणं नाही. बऱ्याचदा ते स्वतःला सांभाळणं असतं, पण कशापासून सांभाळतेय हे विचारायचं सोडून लोक कपड्यांच्याच मागे लागतात.

माझंच सांगते. आधीच्या नोकरीत एक सिनिअर होते, त्यांना प्रत्येक बाईच्या कपड्यांवर बोलायची सवय. घाणेरडं असं काही नाही हां, म्हणजे तक्रार करायला बसलं तर कागदावर लिहिण्यासारखं एक वाक्य सापडणार नाही. "आज काय विशेष?" "हा रंग खुलतो हं तुला." आणि हे कायम मीटिंगच्या आधी, सगळ्यांसमोर, म्हणजे टेबलाभोवतीची सगळी माणसं वळून आपल्याकडे बघणार. मग रोज सकाळी कपाटासमोर माझा हिशोब, याला बाह्या नाहीत, नको. हा नवीन दिसतो, नवीन दिसला की बोलणारच, नको. याचा गळा ठीक आहे पण वाकलं की, नको. शेवटी भावाचं जुनं राखाडी जॅकेट उचललं, मला दोन साइझ मोठं, आणि तेच रोज. चेन हनुवटीपर्यंत वर. चेनचं ओढायचं टोक तुटलेलं म्हणून तिथे सेफ्टी पिन अडकवली होती आणि ते खोलीत आले की माझी बोटं आपोआप त्या पिनेवर, चेन वर आहे ना बघायला. बाह्या इतक्या लांब की पंजे आत जायचे, डाव्या बाहीच्या शिवणीत अंगठा खुपसून खुपसून भोक पडलं होतं. भर उन्हाळ्यात पाठ घामाने भिजायची पण काढलं नाही. आणि खरं सांगू का, काम झालं. रोज तेच ते बघून त्यांना बोलायला काही उरलंच नाही.

आता माझी ताई. तिने मला त्या जॅकेटात बघितलं आणि सुरूच झाली, काय हा अवतार, तू त्या माणसाला जिंकू देतेयस, वगैरे. पुढच्या वेळी येताना एक पिवळाधमक टॉप घेऊन आली, हा घाल, बघ कसा कॉन्फिडन्स येतो. अगं जिंकणं-हरणं तुझ्या डोक्यात, मला फक्त संध्याकाळचे सहा वाजवायचे होते! वर मला एक लेख पाठवला, 2012 सालच्या काही प्रसिद्ध प्रयोगांचा. त्यातल्या एकात पांढरा कोट डॉक्टरचा आहे असं सांगून घालायला दिला की लोकांचं लक्ष जास्त लागत होतं, तोच कोट पेंटरचा म्हणून दिला की नाही. ताईने हे मात्र पाठवलं नाही की त्यातला पहिला प्रयोग 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जास्त लोकांवर करून बघितला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. आणि मूळ प्रयोग खरा धरला तरी त्यात मुद्दा रंगाचा नव्हताच, घालणाऱ्याच्या मनात त्या कपड्याचा अर्थ काय याचा होता. पिवळा टॉप म्हणजे ताईच्या मनात कॉन्फिडन्स, माझ्या मनात "आज काय विशेष?"

एक गोष्ट तिच्या बाजूनेही आहे, तीही सांगते. 2000 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं तोंड छापलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून लोक बसलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आलं असणार, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. म्हणजे आपल्याला वाटतं तेवढं कुणी बघत नसतं. रस्त्यावर, लिफ्टमध्ये हे खरंच आहे. पण माझ्या मीटिंगरूममध्ये एक माणूस खरोखर बघत होता ना, त्याचं काय?

म्हणून तुम्ही रंगाचं सोडा, हे कपडे कुठे कुठे जाताना घालता ते बघा. एकाच ठिकाणी जाताना लागत असतील तर भानगड त्या ठिकाणी आहे, तुमच्या कपाटात नाही. मी नोकरी बदलली आणि नव्या जागी काही आठवड्यांत ते जॅकेट आपोआप खुर्चीच्या पाठीवर गेलं, कुणी काढ म्हणालं नाही. ताई मात्र अजून चारचौघांत सांगते की तिच्या पिवळ्या टॉपने मी सावरले. तो टॉप टॅगसकट कपाटात आहे, एकदाही अंगाला लागलेला नाही. बदल करावासा वाटलाच तर जिथे सगळ्यात सुरक्षित वाटतं तिथून सुरू करा, लोक जमलेत अशा ठिकाणी कुणाच्या आग्रहाखातर तर अजिबात नको.

हां, आणि कपडा म्हणजे चिलखत नाही हेही लक्षात ठेवा. 2014 मध्ये अमेरिकेतल्या अर्कान्सा विद्यापीठात लैंगिक अत्याचार झालेल्यांनी त्या वेळी काय घातलं होतं याचं प्रदर्शन मांडलं होतं, त्यात साधे टीशर्ट, जीन्स असलेच रोजचे कपडे होते. माझ्या जॅकेटाने शेरे थांबले, पुढे आलेला हात थांबला नसता. त्यामुळे उद्या कधी काही झालंच तर "अंगभर घातलं असतं तर" हे स्वतःला ऐकवायचं नाही आणि दुसऱ्यालाही ऐकवू द्यायचं नाही.

अजून एक, तेच कपडे जर धुवायची, अंघोळीची ताकद नाही म्हणून दिवसेंदिवस अंगावर असतील, झोप-भूक गेली असेल, तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि सरळ मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तिथेही जे अंगावर आहे त्यातच जा, त्यासाठी कुणी पिवळा टॉप आणून देत असेल तर घेऊ नका.